अनुभवाचा दाखला

नानासोंनी सायकल दुकानाच्या पायरीला टेकवली आणि आत न येताच विचारलं, "आकाराम हाय का?"

भाऊसो समोरच बसले होते. त्यांच्या डोक्यावर, काचेच्या चौकटीत, वीज कंत्राटदाराचं लायसन टांगलेलं होतं. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. आष्ट्याच्या शिवारात विहिरीविहिरीवर मोटारी बसत होत्या, आणि त्या पेठेत तसला कागद दुसऱ्या कुणाकडं नव्हता.

"मी हाय की," भाऊसो म्हणाले. "काय झालं?"

"मोटार घरघरतीया."

"चला, येतो मी."

"तुमी कशाला? आकारामला लावून द्या." नानासो मिलिटरीतून पेन्शनीवर आलेले, बोलणं सरळसोट. "मागल्या खेपंला त्यानं मोटारीवर नुसता हात ठिवला आन् म्हनला, बेअरिंग जानार. आठ दिसांत गेलं. ईस वर्सं फौजंत काडली, पर असला हात न्हाई बघितला."

भाऊसो हसले. पण आत कुठंतरी चिमटा बसला. सोळा वर्षं ते खांबावर चढत होते, दोन बोटं पोळून घेतली होती. त्यांच्या हाताबद्दल आजवर कुणी असं बोललं नव्हतं. लोक यायचे ते सहीसाठी. मोटारजोडणीच्या रिपोर्टवर सही झाली की तो घेऊन वीज मंडळाच्या कचेरीकडं पळायचे.

एवढ्यात आकाराम आला. रोजची काळपटलेली खाकी पँट अंगावर नव्हती. इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांना तेल, हातात कागदाची सुरळी.

"मालक, तेवडा दाखला देतासा न्हवं? आज शेवटची तारीक हाय. साडेदहाच्या एसटीनं सांगली गाठतो."

वायरमनच्या परीक्षेला बसायचं तर लायसनदार कंत्राटदाराच्या हाताखाली तीन वर्षं काम केल्याचा दाखला लागायचा. आकारामला भाऊसोंकडं येऊन गेल्या महिन्यात तीन वर्षं झाली होती.

"आरं वा!" नानासो म्हणाले. "म्हंजी आता तुजं बी लायसन?"

"आदी परीक्षा. फुडचं फुडं."

"मग काय भाऊसो, तुमच्या शेजारीच पाटी लागंल आता!"

नानासो सहज बोलून गेले. भाऊसोंच्या डोळ्यांपुढं मात्र ती पाटी आलीच. ताज्या रंगातली, आकारामच्या नावाची. तिच्याखाली सायकली लागलेल्या, बैलगाड्या थांबलेल्या, आणि इकडं आपल्या पायरीवर कुणीच नाही. सहीसाठीसुद्धा नाही.

त्यांनी छापील कागद पुढं ओढला. पेनाचं टोपण काढलं. अक्षर त्यांचं देखणं होतं. आकारामचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं सावकाश लिहिलं. मुदतीच्या जागी पेन जरा थांबलं. मग चाललं. सही झाली, शिक्का बसला.

आकारामनं कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि मग वाचायला लागला. सातवीपर्यंत शिकलेला, ओठ हलवत वाचायचा. एका जागी ओठ थांबले.

"मालक, दीड वर्सं लिवलंय."

"बरोबर हाय."

"तीन झाली की."

"पयली दीड वर्सं तू सामान उचलत हुतास. ती हमाली. वायरमनचं काम न्हवं ते."

आकाराम कागदाकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पयल्याच दिवाळीला तुमी टायफाईडनं अंथरुनाला खिळला हुतासा. तवा मळ्यातल्या सात मोटारी मीच जोडल्या."

"त्या सातीच्या साती रिपोर्टांवर सही कुनाची हाय?"

नानासोंनी एकदा याच्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि उगीचच सायकलची घंटी पुसायला लागले. भाऊसोंना वाटलं, आता हा भांडेल. आवाज चढवेल, कागद फाडेल. त्यांना ते हवंच होतं. तो भांडला असता तर ते आणखी मोठ्यानं बोलले असते, आणि आपलंच लिहिलेलं त्यांना खरं वाटायला लागलं असतं.

आकारामनं कागदाची घडी घातली. खिशात ठेवली. बाहेर साडेदहाची एसटी येऊन थांबली, कंडक्टरनं घंटी मारली, गाडी निघून गेली. त्यानं मान वळवून बघितलंही नाही.

"व्हय, तुमी लिवलंय तसंच," तो म्हणाला. "मग आजून दीड वर्सं हितंच."

त्यानं इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. कोपऱ्यातली पक्कड, टेस्टर, पाने पिशवीत भरले. "नानासो, तुमी व्हा फुडं. येतोच."

नानासो सायकलवर बसले. भाऊसोंच्या तोंडाकडं त्यांनी पाहिलंच नाही.

भाऊसोंनी राजदूत मोटारसायकलला किक मारली. आकाराम पिशवी खांद्याला अडकवून मागं बसला. गाव संपलं, मळ्याची कच्ची वाट सुरू झाली. उसाच्या गाड्यांनी वाटेत गुडघ्याएवढ्या चाकोऱ्या पाडल्या होत्या. तीन वर्षं रोजचीच वाट. गाडी उसळली की मागून आकारामचा हात यायचा आणि भाऊसोंचा खांदा घट्ट धरायचा.

पहिला खड्डा आला. गाडी उसळली. दुसरा आला, तिसरा आला.

भाऊसोंनी आरशात पाहिलं. आकाराम दोन्ही हात पाठीमागं नेऊन कॅरिअरचं लोखंड धरून बसला होता.