मागच्या सीटवरचा श्वास

गाडीत विसरलेलं मूल श्वासावरून ओळखणारं रडार मी तपासते. आधी रिकामी गाडी तपासायची. तेव्हा पडद्यावरची रेघ सरळ हवी.

आज रेघ हलली. तीन छोटे श्वास, मग एक लांब. माझी लेक दम्यात असाच श्वास घ्यायची. तिला जाऊन वर्ष झालं.

"ताई, आत कोणी राहिलं नाही ना?" इंजिनिअरने विचारलं.

"मीच बघून दार लावलं."

"मग रडारच वेडं झालंय. पुसून टाका, पुन्हा सुरू करू."

रोज नेमाने देवाकडे मी तिचा एकच श्वास मागत आलेय. नोंद पुसायच्या बटणावर ठेवलेलं बोट मी उचललं.

"हळू बोला, दादा. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

पडद्यावरचा श्वास थबकला, जाग आल्यासारखा. मग गाडीच्या मागच्या दाराचं हँडल आतून हळूच हललं.