पहिल्यापासून कृती

नवरा, रघुराम, वारल्यापासून एकट्या राहणाऱ्या राजमअत्याची न्याहारी ठरलेली, पळयसादम. रात्री उरलेल्या भातात पाणी ओतून ठेवायचं आणि सकाळी ताक-मीठ घालून कुस्करून खायचं, तोंडी लावायला एखादी सांडगी मिरची. पण तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत राहून, रोज शिळं खाते हे काय चारचौघांत सांगायचं? कुणी विचारलंच तर ती खुशाल इडली म्हणून सांगायची.

चेन्नईहून आलेल्या भाचीनं, वाणीनं, सकाळी तिला बरोबर पकडलं. अत्या ताटली झाकायला गेली, तर ही आहारतज्ज्ञ पोरगी हरखलीच.

"अय्यो अत्या, लपवतेस काय! गार झालेल्या भातातला थोडा स्टार्च पचत नाही, पोटात फायबरसारखा वागतो. मी लोकांना हेच खा म्हणून सांगते, ऐकत नाहीत. आणि तू रोज खातेस!"

लगेच तिनं फोन ताकाच्या तांब्याला टेकवून उभा केला. "तूच सांग आता. अगदी पहिल्यापासून, मापासकट."

"सरी, सांगते," म्हणत अत्यानं पदर सारखा केला. पाणी किती, मीठ किती, सगळं जिभेवर होतं. पण पहिल्यापासून म्हटल्यावर ती जरा अडखळली. मग फोनकडे बघत, धड्यातलं वाचावं तसं सावकाश म्हणाली,



"रात्री दोघांपुरता भात लावायचा."