विमलाचा कुकारा

दोरीसाठी सोललेली केवणीची साल पुन्हा तुटली आणि बांधलेली मोळी डोंगरमाथ्याच्या कातळ सड्यावर विखुरली. विमलाने कोयती जमिनीवर आपटली. "मर मेले!" ती त्या सालीला म्हणाली. आसपास कोणी नव्हतं ते बरं. गिरगावातून आलेली सून झाडाच्या सालीशी भांडते, हे शेजारच्या सुभद्रेने तोंडवली गावभर केलं असतं.

आज शेवटची संधी होती. तिच्या सासूने, मथुरेने, अटच घातली होती. "मिरगाच्या आत एकटीन भारो बांदून डोक्यार घेवन इलंस तर ऱ्हव. नायतर आगबोटीत बसयतलंय आणि बापाशीकडे धाडतलंय." नवरा मुंबईला गोदीत, मग मध्ये पडणार कोण? आणि बापाच्या घरी सावत्र आईचं राज्य. लग्नानंतर निघताना तिने बजावलं होतं, "आता परत तोंड दाखवू नकोस." म्हणजे ही मोळी बांधली गेली नाही, तर विमलाला ना सासर, ना माहेर.

बरं, शिकवणारी तरी धड असावी! मथुरा कधी चार शब्द गोड बोलली नाही. फांदी पुढे करायची आणि विचारायची, "ह्यां लाकूड कसला? बघ आणि सांग." स्वतः नुसतं नाकाला लावायची. विमलाने बांधलेली गाठ बोटांनी चाचपायची आणि सोडून टाकायची. वाटेने सून पुढे, सासू मागे, आणि तोंडाचा पट्टा चालू. "पुढे काय आसा? खड्डो? दगड? तोंड शिवलंस काय?" एकदा तर कहरच झाला. खाजकुयलीच्या शेंगा अंगाला लागल्या की माणूस खाजवून खाजवून नाचतो. त्याच वेलीखाली ही बाई स्वतः जाऊन बसली. सगळा जन्म रानात गेलेली! अंगाला शेण फासता फासता शिव्या मात्र सुनेला. "माका सांगूक काय झाला तुका?" विमला त्या दिवशी खूप रडली. चूक स्वतः करायची आणि बोल सुनेला लावायचा, ही कुठली रीत?

सगळ्यात अवघड होता तो कुकारा. रानात कोणाला नावाने हाक मारायची नाही. नाव ऐकून कोण ओ देईल, सांगता येत नाही म्हणे. छाती भरून ऊऽऽऽ असा कुकारा घालायचा, तो डोंगरापलीकडे पोचला पाहिजे. चाळीत तोंड दाबून वाढलेल्या विमलाच्या गळ्यातून नुसती हवा यायची. "मांजरी बरी तुझ्यापरास," मथुरा म्हणायची.

विमलाने डोळे पुसले. नवी केवण शोधली, साल लांब सोलली, डबक्यात भिजवली आणि पीळ दिला. लाकडांवर गुडघा रोवून गाठ मारली. बोटांनी चाचपली. गाठ हलेना! मग तिने मोळी झाडाला उभी टेकवली, चुंबळ डोक्यावर ठेवून खाली बसली, मोळी कलती करून डोक्यावर घेतली आणि दात-ओठ खाऊन उठली. "जमलं गं बाई!" ती एकटीच हसली.

उताराला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं. ज्या काजूखाली मथुरा थांबणार होती, तिथे कोणी नव्हतं. सुनेला उशीर झाला म्हणून ती शोधायला वर निघाली असावी. विमलाने मान न हलवता सगळीकडे पाहिलं. मथुरा चिऱ्याच्या खाणीकडे चालली होती. खाण चांगली विहिरीएवढी खोल. आणि ही बाई अंगणात चालावं तशी सरळ तिच्या काठाकडे निघालेली.

"आई!" विमला ओरडली. तो आवाज चाळीतला होता, तो कुठे पोचणार! धावून गाठावं तर अंतर फार होतं. विमलाने छाती भरली.

"ऊऽऽऽऽऽ!"

सगळा सडा दणाणला. झाडांवरचे कावळे उडाले. मथुरा जागच्या जागी थांबली. विमला कुकारे घालत राहिली आणि मथुरा काठाकडे पाठ फिरवून, दोन्ही हात पुढे धरून, त्या आवाजाच्या रोखाने येत राहिली. अगदी जवळ आल्यावर तिने आधी सुनेचा चेहरा चाचपला, मग मोळीची गाठ.

"गाठ घट आसा," ती म्हणाली. "आणि गळो तर भारीच सुटलो गो!"

त्या वाडीत शिरल्या तेव्हा सुभद्रा कुंपणाच्या वईवर वाकून उभी होती. "अगे मथुरा, सड्यार कुकारो कोणी घातलो? हयसर आयकाक इलो!"

"माझ्या सुनेन," मथुरा म्हणाली. तिचा हात मोळीच्या टोकावर होता. "आणि भारो पण तिनाच बांदलो. बघून घी."

विमलाने सुभद्रेसमोरूनच ताठ मानेने मोळी नेली आणि मागील दारी धाडकन टाकली. मथुरेने चाचपत पायरी शोधली आणि ती बसली. विमला तिच्यापुढे उकिडवी बसली.

"आई," ती हळूच म्हणाली, "मग मला आता आगबोटीत नाही ना बसवणार?"

मथुरा खो खो हसली. "अगो बाये, तुका बोटीत बसवक आधी माका बोट दिसाक नको?"