पहाटेची पाळी

"लग्न झालंय?" मालकांनी विचारलं आणि टेबलाखाली आक्कांची टाच त्यांच्या बुटावर पडली.

समोरच्या खुर्चीत मुलाखतीला आलेली बाई बसली होती. टेबलाला पुढून फळी नव्हती, त्यामुळे खालचं सगळं तिला दिसत होतं. ती खिडकीबाहेर पाहू लागली. आवारात मजूर बर्फाच्या लाद्या आकड्यानं ओढत ट्रकमध्ये चढवत होते.

"म्हणजे," मालक सावरले, "झालंय का, असं नाही. घरी कोण कोण असतं?"

टाच पुन्हा पडली.

"मूलबाळ?"

या खेपेला आक्कांनी टाच उचललीच नाही.

आक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण, कामगार न्यायालयातली वकील. बर्फाच्या कारखान्याला पहाटेच्या पाळीसाठी सुपरवायझर हवा होता. मुलाखती घ्यायच्या तर मी शेजारी बसणार, असं त्यांनी भावाला आधीच बजावलं होतं.

"अगं आक्का, पाय मोडशील माझा!" मालक शेवटी उघडच म्हणाले. "मी काय वावगं विचारलं? दिवस उगवायच्या आधी पाळी सुरू होते. घरी तान्हं असेल तर बाई येणार कशी? तिच्या काळजीपोटीच विचारतोय ना!"

"गेल्या वर्षी एका मुलीला 'लग्न झालं की जाशील' म्हणून परत पाठवलंस, तेही काळजीपोटीच. ती काळजी न्यायाधीशांना समजावून सांगताना माझी जीभ अडखळत होती."

बाईनं ओठ दाबून हसू गिळलं.

"मग विचारू तरी काय? सतराचा पाढा?"

"सोपं आहे रे. जे तुझ्या मेहुण्याला विचारणार नाहीस, ते हिलाही विचारायचं नाही."

मेहुणा बाहेर बाकावर बसला होता. त्यालाही हीच जागा हवी होती. खरं तर ती त्याला मिळाल्यातच जमा होती. घरी जेवताना तसं बोलणं झालं होतं, आणि मालकीणबाईंनी भावाला गजराचं घड्याळही घेऊन दिलं होतं.

मालकांना एकदम हुरूप आला. "असं होय! मग त्यालाही विचारतो. झाली ना समानता?"

त्यांनी हाक मारली. मेहुणा आत आला आणि दुसऱ्या खुर्चीत ऐसपैस बसला.

"काय रे, पोरगं तापानं फणफणलंय आणि पहाटेची पाळी आहे. कामावर येणार कसा?"

मेहुण्यानं आधी आक्कांकडे पाहिलं, मग बाईकडे, आणि खो खो हसला. "दाजी, हे मला काय विचारता? पोराचं आमच्या हिला विचारा. त्याला कुठलं औषध देतात, तेही मला ठाऊक नाही."

मालकही हसले. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, की खोलीत आपण दोघंच हसतोय.

"साहेब," बाई म्हणाली, "मलाही विचारा. पण कारखान्यातलं विचारा. घरचं माझं मी बघते. पहाटे मी फाटकात दिसले नाही, तर खुशाल जाब विचारा."

मालक उठले आणि खिडकीशी गेले. बरीच माणसं ठेवली होती त्यांनी या कारखान्यात. कुणाचा कोण, गाव कुठलं, घरी किती माणसं, एवढं झालं की त्यांची मुलाखत संपायची. आता त्यांना पुढचं काही सुचेना. बाहेर एक लादी आकड्यातून निसटली आणि घसरत गेली. मजूर पाय उचलून बाजूला झाले.

"समजा," मालक दोघांकडे वळले, "पहाटे अमोनियाचा वास आला. गार करायच्या त्या विषारी वायूची नळी कुठेतरी गळतेय. फाटकाशी ट्रक उभे आहेत, मासेवाले बर्फासाठी ओरडताहेत. पहिलं काय कराल?"

"त्यात काय, दाजी! तुम्हाला फोन करीन."

"मी झोपलेला असतो."

"मग ताईला करीन. ती उठवेल की तुम्हाला."

मालकांनी बाईकडे पाहिलं.

"आधी माणसं बाहेर," ती म्हणाली. "वारा ज्या बाजूनं येतोय, त्या बाजूच्या दारानं. सगळे आले का ते बघीन, अग्निशमन दलाला फोन करीन. मग मास्क चढवून, एकाला जोडीला घेऊन झडप बंद करता येते का ते पाहीन. तुम्हाला फोन त्यानंतर."

"आणि बर्फ? सगळ्या मालाचं पाणी होईल."

"होऊ दे. बर्फ पुन्हा होतो."

मालक खिडकीपासून टेबलाशी आले.

"उद्यापासून या," ते बाईला म्हणाले. "आणि गरम कपडे घालून या, आत हाडं गोठतात." मग त्यांनी हळूच बहिणीकडे पाहिलं. "हे सांगितलेलं चालतं ना?"

"चालतं. सगळ्यांनाच सांगत असशील तर."

बाईनं हात जोडले आणि ताठ चालीनं बाहेर पडली. मेहुणा मात्र खुर्चीतच बसून राहिला. त्याचा चेहरा पडला होता.

"दाजी, आता ताईला काय सांगू?"

मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सांग, या खेपेला दाजींनी कामाचं विचारलं."