तिसरा चौकोन

तपासनिसाने खोलीच्या बरोबर मध्यावर पत्र्याची थाळी ठेवली, तीत धुराची वडी पेटवली आणि घड्याळाचं बटण दाबलं. बाविसाव्या सेकंदाला छतावरचा डिटेक्टर कोकलला. दरवर्षी हे असंच व्हायचं. थाळी ठेवून ठेवून फरशीवर तिथे तपकिरी डाग पडला होता, त्यामुळे जागा शोधावीही लागत नसे.

वृद्धाश्रमाच्या मॅनेजरने लगेच फॉर्म पुढे केला. वेळ तीस सेकंदांच्या आत आली की वर्षभराची परवानगी, आणि तो हात झटकून मोकळा. खोलीत आठ खाटा होत्या आणि आठांपैकी एकालाही चालता येत नव्हतं. दिवसभर त्यांचं सगळं करणारी मावशी मात्र एकटी. एकाला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवायचं आणि बाहेर न्यायचं म्हणजे तिला दोन मिनिटं लागत. हे तिने घड्याळ लावून पाहिलं होतं, कुणी सांगितलेलं नसताना.

"साहेब, एकदा तिथे पेटवा," ती म्हणाली.

तिने शेवटच्या खाटेमागचा कोपरा दाखवला. तिथला प्लग चहाच्या किटलीपायी काळा पडला होता. कोपरा आणि डिटेक्टर यांच्यामध्ये छताचा जाडजूड बीम आडवा गेला होता.

धूर काय पत्ता विचारत फिरतो का, असं म्हणून मॅनेजर हसला. तपासनीसही वैतागला. अजून तीन इमारती व्हायच्या होत्या. पण पिशवीत एक वडी उरली होती आणि मावशी काही बाजूला होईना.

"पेटवा, पेटवा. मी मोजतो," शेवटच्या खाटेवरचे गुरुजी म्हणाले. त्यांनी जन्मभर पोरांना गणित शिकवलं होतं.

धूर सरळ वर गेला आणि बीमला अडून तिथेच साचू लागला. बादली उलटी भरावी तसा वरून खाली. गुरुजी संथ लयीत आकडे म्हणत होते. बावीसला तपासनिसाच्या अंगठ्याने सवयीने बटण दाबलं. घड्याळ थांबलं. डिटेक्टर गप्पच होता.

"तेवीस," गुरुजी म्हणाले. "चोवीस."

छतावरच्या, आग लागली की सुटणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याचं काय, असं मॅनेजरने हळूच विचारलं. तपासनीस म्हणाला की तोही बीमच्या अलीकडेच आहे, आणि त्याला धूर चालत नाही, आच लागते. म्हणजे तो याच्याही नंतर.



एकशे वीसला मावशी म्हणाली, "एक."

हे काय म्हणून तपासनिसाने तिच्याकडे पाहिलं. तिची नजर चाकाच्या खुर्चीवर होती. त्याला कळलं. इतकी वर्षं तो हे काम करत होता, पण खाटा त्याने कधी मोजल्या नव्हत्या.

चाचणीचा धूर बाधत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तरी गुरुजींचा चेहरा त्यात दिसेनासा झाला तेव्हा कुणाला बरं वाटलं नाही. आवाज तेवढा येत राहिला. दोनशे चाळीसला मावशी म्हणाली, "दोन." मग धूर बीमखालून अलीकडे सरकला आणि डिटेक्टर कोकलला.

मावशीने धावत जाऊन खिडकी उघडली. गुरुजी दिसू लागले. त्यांना जरा धाप लागली होती.

"दोनशे त्रेपन्न," ते म्हणाले. "मध्ये कुठे चुकलेलो नाही."

मॅनेजरने तपासनिसाचं घड्याळ पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. घड्याळात बावीसच आहेत, तेच लिहा, म्हाताऱ्याची मोजणी कुठे फॉर्मवर लिहितात, असं त्याने समजावून सांगितलं.

तपासनीस फॉर्मकडे बघत राहिला. सेकंदांच्या रकान्यात दोनच चौकोन छापलेले होते.

"बघा, जागाही दोनच आकड्यांची आहे," मॅनेजर म्हणाला.

"आजवर पुरली," तपासनीस म्हणाला, आणि शेजारी पेनाने तिसरा चौकोन आखू लागला.