मोकळी सोडलेली तारीख

मुख्याध्यापक अच्युतरावांनी टाक शाईत बुडवला आणि उर्मिलाबाईंच्याच अक्षरातल्या राजीनाम्यावर तारीख घातली. बारा जून एकोणीसशे सत्तावन्न.

राजीनामा दोन वर्षांपूर्वीचा होता. गिरगावातल्या त्या शाळेत नोकरी देतानाच शिक्षकाकडून तो लिहून घेत. सही घेत, तारखेची जागा मोकळी सोडत. दोन वर्षं भरली की शिक्षकाला कायम करावं लागे, म्हणून मुदत भरायच्या आदल्या दिवशी तारीख पडे. गरज सरो नि वैद्य मरो, असा कारभार. इथे तर गरजही सरली नव्हती.

"सर, मॅट्रिकला गणितात आपलं एकही मूल नापास नाही," उर्मिलाबाई म्हणाल्या.

"म्हणून तर बाहेर रांग लागलीय. पलीकडच्या गल्लीतल्या शाळेची मुलं नाव काढून आपल्याकडे येताहेत." अच्युतराव तारखेवर टिपकागद दाबत राहिले. "संस्थेचे सेक्रेटरी म्हणतात, नाव शाळेचं झालं. आता कुणी नवी बी.ए. झालेली मुलगी चालेल."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"माझाही असाच कागद त्यांच्या कपाटात आहे, बाई."

टिपकागद बाजूला ठेवून ते म्हणाले, "आजचा दिवस प्रवेशाच्या टेबलाशी बसा. पालक तुम्हालाच विचारत येतात. संध्याकाळी अनुभवाचं प्रमाणपत्र देतो. मात्र..."

मात्रच्या पुढचं बाईंना कळलं: पालकांना यातलं काही सांगायचं नाही. त्या प्रमाणपत्राशिवाय दुसरी कुठली शाळा त्यांना दारात उभं करणार नव्हती, आणि घरात मिळवणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

त्या जाऊन बसल्या. समोरच्या भिंतीवर संयुक्त महाराष्ट्राच्या सभेचं पत्रक होतं. अध्यक्ष, सेक्रेटरीसाहेब. संध्याकाळी ते मराठी माणसावरच्या अन्यायाबद्दल बोलणार होते. मनापासून बोलत ते. माणसाला सगळीकडचा अन्याय एकदम दिसत नाही, हेही खरंच.

"अकरावीला, मॅट्रिकच्या वर्षाला गणित तुम्हीच घेता ना?" जो तो विचारी.

"हो."

पहिल्यांदा त्यांनी खाली वहीत बघून सांगितलं. दुपारपर्यंत शब्द सहज येऊ लागला, आणि बाईंना त्याचीच जास्त लाज वाटली.

रांगेत शेवटी परळच्या चाळीतली शेवंती होती, मुलीला घेऊन. हातात मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला घट्ट धरलेला.

"बाई, आदीच्या शाळंत शकूची फी माफ व्हती. पर शेजारची पोरगी तुमच्या हाताखाली पास झाली. म्हनलं, आपलीबी व्हईल. तिकडचे गुरुजी म्हनले, आजच्या दिसात परत आलीस तर घेतो, उद्या न्हाई. तुमीच शिकवनार न्हवं?"

दाखला अजून शेवंतीच्याच हातात होता. बाईंनी मान वळवली. अच्युतराव दारात उभे होते.

"हो, मीच," बाई म्हणाल्या, आणि हात पुढे करून त्यांनी दाखला घेतला.

शेवंतीचा चेहरा सैल झाला. "पाया पड गं बाईंच्या."

शकू वाकली. बाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मुलीचा हात नुसत्या फरशीला लागला. तिने तोच कपाळाला लावला.