निळ्या भिंतीवरचा पडदा

कुणालनं पुण्याच्या ऑफिसातला डिजिटल कॅमेरा आणि प्रोजेक्टर दोन दिवसांसाठी कवठे महांकाळला घरी आणला. पहिला फोटो आईचाच काढायचा होता. पण कॅमेरा समोर आला की आक्काताईंची मान आपसूक खाली जायची.

"आई, वर बघ की. ह्यात रीळ नसतंय. जमंल तवर काढतो."

बरेच फोटो पुसल्यावर एकदा त्या वर बघून हसल्या. कुणालनं खिडकी लावून तो फोटो भिंतीवर टाकला. भिंत निळी, म्हणून आईचं तोंडही निळं. पांढरी चादर काही घरात नव्हती. आक्काताईंनी ट्रंकेतून आपल्या लग्नातली पांढरी साडी काढली आणि दोन खिळ्यांना ताणून बांधली.

साडीवर त्यांचा चेहरा उजळला. बाजेवर पडलेले कुणालचे वडील, धोंडिराम, उठून बसले आणि बघतच राहिले.

"आवं, काय झालं?" आक्काताईंनी विचारलं.

"लग्नात आख्खी बुद्धवंदना झाली, तरी तू मान वर केली न्हाईस. ह्या साडीत तुझं तोंड आज दिसलं."

पडद्याशेजारी उभ्या आक्काताईंची मान परत खाली गेली.